गंजाची थकबाकी

एक रुपयाच्या नोटेच्या मागच्या बाजूला समुद्रात पाय रोवून उभी असलेली एक रिग छापलेली आहे. तिचे नाव ‘सागर सम्राट’. फेब्रुवारी १९७४ मध्ये याच रिगने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्राच्या तळाखाली तेल शोधले. २१ मे १९७६ रोजी बॉम्बे हाय, म्हणजे आजच्या मुंबई हायमधून, उत्पादन सुरू झाले. त्याला २०२६ मध्ये पन्नास वर्षे होतात. अभिमान वाटावा असेच हे काम आहे. १९८९ च्या सुमारास या एका क्षेत्रातून दिवसाला चार लाख पिंपांच्या घरात तेल निघत होते. थळचे खत, नागोठण्याचे प्लास्टिक, मुंबईच्या कित्येक घरांत नळाने शेगडीपर्यंत येणारा गॅस, या सगळ्यांची नाळ उरणमार्गे त्या समुद्राशी जोडलेली आहे. महाराष्ट्राच्या भरभराटीतला एवढा मोठा वाटा किनाऱ्यावरून डोळ्यांना दिसत मात्र नाही, आणि जे दिसत नाही त्याच्या दुरुस्तीची आठवण आपल्याला अपघात झाल्यावरच होते.

आज या क्षेत्राचे उत्पादन त्या शिखराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आले आहे. ते वाढावे म्हणून ओएनजीसीने २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक भागीदार म्हणून घेतले. तेलात ४४ टक्क्यांपर्यंत आणि वायूत ८९ टक्क्यांपर्यंत वाढ शक्य आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणणाऱ्या देशाने या वाढीसाठी धडपडणे रास्तच आहे. पण वाढीव तेल आणि वायू मुख्यतः वाहणार ते जुन्याच प्लॅटफॉर्मवरून, जुन्याच रायझरमधून, म्हणजे समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर चढणाऱ्या पाइपांमधून. किती पिंपे निघाली हे रोज मोजले जाते आणि जाहीरही होते. मुदत उलटूनही किती दुरुस्त्या राहिल्या आहेत, हा आकडा मात्र लोकांसमोर येत नाही. पन्नाशीच्या निमित्ताने आमचे मागणे एवढेच आहे की हा दुसरा आकडाही पहिल्याइतक्याच नियमाने जाहीर व्हावा.

प्लॅटफॉर्म म्हणजे समुद्रतळात खोल पाइल ठोकून उभा केलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा. मुंबई हायला पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे, म्हणजे पाण्याखालचा सांगाडाच पंचवीस मजली इमारतीएवढा. असे सांगाडे साधारणपणे पंचवीस वर्षांच्या हिशेबाने बांधले जातात. पश्चिम किनाऱ्यापलीकडे ओएनजीसीचे असे दोनशेहून अधिक प्लॅटफॉर्म आहेत आणि त्यांतले कितीतरी १९७६ ते १९९० या काळात उभे राहिले. त्या पिढीतले सर्वांत धाकटेही आता पस्तिशी ओलांडून गेले. पंचवीस वर्षे उलटली म्हणजे सांगाडा लगेच मोडीत काढावा असे नाही. नीट तपासून, नवे हिशेब मांडून, लागेल तिथे जोड देऊन त्याचे आयुष्य वाढवता येते. जगभर तसे केले जाते आणि पनवेलच्या ओएनजीसीच्या संस्थेत हे शास्त्र जाणणारे अभियंते आहेत. मात्र वाढवून घेतलेले आयुष्य तपासणीच्या आधारावर उभे असते. तपासणी चुकली की त्या आयुष्याला आधारच उरत नाही.

समुद्र पोलादाचे काय करतो हे जवळून पाहायला हवे. दर आठ सेकंदांना एक लाट धरली तरी वर्षाला जवळपास चाळीस लाख लाटा होतात, पन्नास वर्षांत वीस कोटींच्या आसपास. प्रत्येक लाट सांगाड्याला केसभर वाकवते आणि सोडून देते. तार हाताने पुढेमागे वाकवत राहिले की ती एका क्षणी तुटते, तसेच हे, फक्त इथे तुटायला दशके लागतात आणि सुरुवात वेल्डच्या कडेला, डोळ्याला न दिसणाऱ्या चिरेपासून होते. नॉर्वेच्या समुद्रात २७ मार्च १९८० रोजी ‘अलेक्झांडर किलँड’ हा तरंगता निवासी प्लॅटफॉर्म उलटला आणि २१२ पैकी १२३ माणसे गेली. चौकशीत मूळ सापडले ते एका आडव्या नळीवर ध्वनियंत्र बसवण्यासाठी केलेल्या सहा मिलिमीटरच्या वेल्डमध्ये. चिरेच्या आत रंगाचे अंश मिळाले. म्हणजे कारखान्यात रंग मारला जात होता तेव्हाच ती चीर तिथे होती, आणि नंतर ती कोणी पाहिली नाही. तो प्लॅटफॉर्म अवघा चार वर्षांचा होता. वय मोजायचे ते नुसत्या वर्षांत नव्हे. त्या पोलादाच्या आजच्या स्थितीबद्दल आपल्याला किती ठाऊक आहे, यावर ते ठरते.

पाण्याखाली पोलाद वाचवण्यासाठी सांगाड्याला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या मोठमोठ्या लगडी बांधलेल्या असतात. त्यांना ॲनोड म्हणतात. गंज आधी त्यांना खातो आणि त्या झिजतात, तोवर पोलाद शाबूत राहते. झिजून संपल्या की नव्या बसवाव्या लागतात, आणि ते काम पाणबुड्यांचे. सांगाड्याच्या नळ्यांवर शेवाळ, कालवे, शिणाणे यांचे थर चढतात. त्याने नळी जाड होते आणि लाटेचा मार वाढतो. वेल्ड तपासायचा तर आधी जोराच्या पाण्याने हा सगळा थर खरवडून पोलाद उघडे करायचे आणि मग चुंबकीय कणांनी चीर शोधायची. सर्वांत वाईट पट्टा मात्र ना पाण्याखालचा, ना वरचा. भरती-ओहोटी आणि लाटांच्या माऱ्याने जो दिवसभर ओला-कोरडा होत राहतो, तिथे ॲनोड उपयोगी पडत नाही आणि रंग टिकत नाही. वरच्या डेकवर वेगळीच तऱ्हा. गरम पाइपांवर आवरण असते, वरचा पत्रा नीट दिसतो आणि आत झिरपलेले खारे पाणी वर्षानुवर्षे पाइप खात असते. चालायच्या लोखंडी जाळीचे, म्हणजे ग्रेटिंगचे, आणि कठड्यांचेही तसेच. रंगाचा फुगा दिसतो, चिपिंग हातोडीचा ठोका पडला की खपली निघते, आणि मग कळते की रंगाखाली पत्रा कागदाएवढाच उरला होता. पाइपांच्या आतल्या बाजूने वायूतला कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड आपले काम करीत असतात. तेल ढकलण्यासाठी खडकात समुद्राचे पाणी सोडले की जीवाणू वाढून हा विषारी सल्फाइड आणखी वाढू शकतो. थोडक्यात, तरुणपणी ज्या वायूसाठी पाइप निवडला, म्हातारपणी त्यातून वाहणारा वायू तोच राहतो असे नाही.

ही सगळी दुरुस्ती जमिनीवर असती तर लोकांना ती एवढी अवघड वाटली नसती. समुद्रात अडचण पहिल्यांदा येते ती पलंगाची. प्लॅटफॉर्मवर झोपायला जागा मोजकी, हेलिकॉप्टरमध्ये खुर्च्या मोजक्या, आणि अपघात झाला तर जीवरक्षक नावांत जेवढ्यांची सोय तेवढीच माणसे वर ठेवता येतात. उत्पादन चालवणारे तंत्रज्ञ आधी, मग विहिरीवाले, आणि उरलेल्या पलंगांवर रंगारी, वेल्डर, फिटर, मचाण बांधणारे. वेल्डिंगचे काम करायचे तर ‘हॉट वर्क’चे परमिट हवे, जवळचा वायू बंद करायला हवा. वायू बंद म्हणजे उत्पादन बंद. त्यामुळे ज्या दिवशी उत्पादनाचे लक्ष्य डोक्यावर असते त्या दिवशी वेल्डिंग पुढच्या महिन्यावर जाते. कोणाच्या मनात काही वाईट नसते. रोजच्या रेट्यात तसे होत जाते आणि थकबाकी साचते.

दुसरी अडचण ऋतूची. कोकणात मे सरत आला की घरे शाकारायची, कौले परतायची घाई उडते, कारण एकदा पाऊस लागला की छपरावर चढता येत नाही. अरबी समुद्राचे तसेच आहे. जून ते सप्टेंबर मोठी दुरुस्ती जवळपास अशक्य. ऑक्टोबर ते मे एवढेच दिवस हातात. त्यात जे राहिले ते पुढच्या वर्षावर. म्हणून पलंगांची तूट भरून काढायला या आठ महिन्यांत निवासी बार्ज भाड्याने आणून प्लॅटफॉर्मजवळ नांगरल्या जातात आणि कंत्राटदारांचे शेकडो कामगार त्यांवर राहतात. हंगाम संपत आला की उरलेले काम उरकण्याची घाई होते आणि नेमकी तीच वेळ पूर्वमोसमी चक्रीवादळांची असते.

१७ मे २०२१ च्या रात्री नेमके हेच घडले. ‘तौक्ते’ वादळाचा इशारा काही दिवस आधीच मिळालेला होता. तरी ओएनजीसीच्या कामावरच्या कंत्राटी कामगारांना घेऊन असलेली पी-३०५ ही बार्ज २६१ माणसांसह समुद्रातच नांगरलेली राहिली. नांगर तुटले, ती वाहत जाऊन एका मानवरहित प्लॅटफॉर्मवर आदळली, तळाला भोक पडले आणि ती बुडाली. ‘वरप्रदा’ ही टगही गेली. नौदलाच्या जहाजांनी खवळलेल्या समुद्रातून दोन्हींवरचे १८८ जण वाचवले, ही मोठीच कामगिरी. ८६ जणांचे मृतदेह निघाले. किती तरी मृतदेह डीएनए तपासणीनंतर घरच्यांना मिळाले. ही माणसे तेल काढायला गेली नव्हती. म्हाताऱ्या होत चाललेल्या प्लॅटफॉर्मांची कामे करायला गेली होती. प्लॅटफॉर्मची सुरक्षितता मोजताना ती सुरक्षितता हातांनी राखणारा कामगार हिशेबात धरला गेला नाही, हे त्या रात्रीने उघड केले. समुद्रात माणसांची वर्गवारी पलंगावरून होते. कायम नोकरीचा माणूस चौदा दिवस काम आणि चौदा दिवस घर अशा पाळीने जातो आणि प्लॅटफॉर्मच्या पक्क्या खोलीत झोपतो. कंत्राटी वेल्डर बार्जवर झोपतो आणि त्याची पाळी बहुधा हंगाम संपेल तेव्हा संपते.

पी-३०५ च्या सोळा वर्षे आधीची दुर्घटना मुंबईच्या स्मरणातून जवळपास पुसली गेली आहे, कारण ती २६ जुलै २००५ च्या प्रलयाच्या दुसऱ्याच दिवशी घडली. २७ जुलैला ‘समुद्र सुरक्षा’ या ओएनजीसीच्या मदतनौकेवर एका स्वयंपाक्याच्या दोन बोटांची टोके कापली गेली. हवा खराब, हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते. त्याला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर क्रेनने चढवायचे ठरले. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन चालत नव्हती. म्हणून नौका वाऱ्याकडच्या बाजूने आली. तिला जागी धरणारे पंखे, म्हणजे थ्रस्टरही, नीट साथ देत नव्हते, त्यामुळे ती हाताने चालवत, मागचे टोक पुढे करून आणली गेली. जखमी माणूस वर पोहोचला. लाटेने नौका उचलली आणि ती वायूच्या रायझरवर आदळली. रायझर नौका लागण्याच्या जागेजवळच होता आणि त्यापुढचे संरक्षक कठडे लहान नौकांच्या हिशेबाने बांधलेले होते. वायू पेटला. १९८१ मध्ये उभा राहिलेला तो प्लॅटफॉर्म दोन तासांत वितळून समुद्रात कोसळला. २२ जण गेले, त्यांतल्या अकरा जणांचा पत्ताच लागला नाही. ३६२ जण वाचले. नौकेवरच्या दाबाखालच्या कोठीत सहा पाणबुडे होते, त्यांना दीड दिवसानंतर सुखरूप काढण्यात आले. तो बचाव भारतीय सागरी इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा आहे.

या साखळीत शौर्य आहे, दुर्दैव आहे, खराब हवा आहे. पण तिच्या मध्यभागी एक बंद क्रेन आहे. क्रेन ही काही तेल-वायूची यंत्रणा नव्हे, तिच्यावाचून उत्पादन अडत नव्हते. दुरुस्तीच्या यादीत ती साहजिकच खाली असणार. वृद्ध प्लॅटफॉर्मांचा धोका असा असतो. एकेकटी पाहिली तर प्रत्येक राहिलेली दुरुस्ती किरकोळ वाटते. त्या सगळ्या एका संध्याकाळी एकत्र येतात तेव्हा बावीस माणसे जातात.

ब्रिटनला हा धडा याहून महाग पडला. ६ जुलै १९८८ च्या रात्री ‘पायपर अल्फा’ प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता आणि त्या जागी फक्त एक झाकण बसवले होते. त्याचे परमिट वेगळ्या ठिकाणी होते. रात्रपाळीला ते दिसले नाही, पंप सुरू झाला, झाकणातून वायू गळून पेटला आणि १६७ माणसे गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या. त्यांतली एक इथे विशेष महत्त्वाची. तेलाचे उत्पादन वाढवण्याची जबाबदारी असलेल्या ऊर्जा खात्याकडेच सुरक्षेची तपासणी होती. ती काढून स्वतंत्र सुरक्षा यंत्रणेकडे दिली गेली. त्याच यंत्रणेने २००४ ते २००७ या काळात उत्तर समुद्रातल्या सुमारे शंभर ठिकाणांची तपासणी करून देखभालीतल्या उणिवा चव्हाट्यावर आणल्या आणि २०१० पासून म्हाताऱ्या प्लॅटफॉर्मांसाठी वेगळी मोहीम चालवली. सुरक्षेच्या दृष्टीने कळीच्या किती दुरुस्त्या थकल्या आहेत, हा प्रश्न तिथे कंपन्यांना उघडपणे विचारला जाऊ लागला. नॉर्वेनेही २००४ मध्ये सुरक्षेची संस्था उत्पादन पाहणाऱ्या संस्थेपासून वेगळी केली.

आपल्याकडे काय आहे? २००५ च्या आगीनंतर २००८ मध्ये समुद्रातल्या तेलकामांच्या सुरक्षेचे नियम आले, ही चांगली गोष्ट झाली. त्यांची अंमलबजावणी ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डायरेक्टोरेटकडे आहे. हे संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतले. ओएनजीसीही त्याच मंत्रालयाच्या अखत्यारीतली. संचालनालयातले कितीतरी अधिकारी तेल कंपन्यांतून प्रतिनियुक्तीवर येतात आणि मुदत संपली की तिथेच परततात. ही माणसे जाणकार आहेत, त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. पण ज्या प्लॅटफॉर्मचे उत्पादन थांबवायला सांगायचे, त्याच उत्पादनाची वाढ दाखवण्याची जबाबदारी आपल्या मंत्र्यावर असेल, तर नोटीस लिहिणारा हात जड होतोच. जमिनीवरच्या तेलविहिरींची सुरक्षा आजवर श्रम खात्याच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने पाहिली. किनारा ओलांडला की तोच वेल्डर दुसऱ्या खात्याच्या भरवशावर जातो, याला काही तर्क नाही. समुद्रातल्या सुरक्षेचा नियामक पेट्रोलियम मंत्रालयाबाहेर काढला पाहिजे, त्याला स्वतःचे अभियंते, स्वतःचे पाणबुडे आणि स्वतःचे हेलिकॉप्टर मिळाले पाहिजे. तपासणाऱ्याने तपासायच्या कंपनीच्या हेलिकॉप्टरमध्ये, त्या कंपनीने दिलेल्या तारखेला जाणे थांबले पाहिजे.

थकबाकीचा आकडा जाहीर करायला सुरक्षेचे कारण सांगून विरोध होईल, हे उघड आहे. समुद्रातली ही ठाणी शत्रूचे लक्ष्य ठरू शकतात, हे खरेच. पण प्लॅटफॉर्मचे नकाशे कोणी मागत नाही. प्रत्येक प्लॅटफॉर्म कोणत्या साली उभा राहिला, त्याचे मूळ आयुष्य किती ठरले होते, पाण्याखालची शेवटची पूर्ण तपासणी कधी झाली आणि सुरक्षेच्या किती कामांची मुदत टळून गेली आहे, एवढेच सांगायचे आहे. ते सांगितले तर ओएनजीसीच्या देखभाल विभागातल्या माणसांनाच बळ येईल. आज त्यांना शटडाऊन मागताना आपल्याच वरिष्ठांपुढे उत्पादनाच्या आकड्याशी झुंजावे लागत असणार, आणि त्यांच्या हातात उलट दाखवायला आकडा नसतो. पन्नास वर्षांत ओएनजीसीने जुन्या पाइपलाइन बदलल्या, प्लॅटफॉर्मांची पुनर्बांधणी केली. खुद्द ‘सागर सम्राट’चे रूपांतर उत्पादन करणाऱ्या रिगमध्ये झाले आणि ती पुन्हा समुद्रात गेली. काम झालेलेच नाही, असे आम्ही म्हणत नाही. किती झाले आणि किती राहिले, हे बाहेरच्या कोणाला तपासता येत नाही, ही आमची तक्रार आहे.

काही प्लॅटफॉर्म दुरुस्त करण्यापलीकडे गेले असतील. तापी क्षेत्रात विहिरी संपल्यावर सांगाडे काढून टाकण्याचे देशातले पहिले काम झाले आहे. ज्या सांगाड्याची दुरुस्ती परवडत नाही, पण त्याच्या विहिरीतून थोडे तेल येते म्हणून तो तसाच उभा आहे, अशांचा निर्णय उत्पादन विभागावर सोडता येणार नाही.

बार्जबद्दलही नियम सुटसुटीत हवा. हवामान खात्याने चक्रीवादळाचा इशारा दिला की ठरलेल्या तासांत प्रत्येक निवासी बार्ज बंदरात आलीच पाहिजे. ती थांबवण्याचा अधिकार कोणत्याही कंत्राटदाराला, कप्तानाला किंवा प्रकल्प अधिकाऱ्याला नसावा. बंदरात घालवलेल्या दिवसांचे भाडे कामाच्या मालकाने द्यावे, म्हणजे परतण्यात कोणाचेच नुकसान होणार नाही. समुद्रात जगण्याचे जे प्रशिक्षण गोव्यात बेतुलला दिले जाते, ते पहिल्यांदा बार्जवर जाणाऱ्या प्रत्येक रंगाऱ्याला आणि मचाण बांधणाऱ्यालाही मिळाले पाहिजे, मग त्याचे कंत्राट दोन महिन्यांचे का असेना.

ऑक्टोबरात समुद्र निवळला की ओएनजीसीच्या न्हाव्याच्या तळावरून सामानाच्या नौका पुन्हा भरू लागतील आणि बार्ज पुन्हा नांगर टाकतील. त्याआधी थकलेल्या दुरुस्त्यांची पहिली यादी संसदेच्या पटलावर यावी. त्या यादीत फक्त रायझर आणि सांगाड्याचे खांब नकोत. प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या आडोशाच्या बाजूची क्रेन चालू आहे की बंद, हेही त्यात लिहिलेले असावे.